कोरी ठरवलेली नऊ अंडी

२७ फेब्रुवारी

पंपावर एकोणतीस वर्षं नोंदवही लिहिली. पाणी किती, दाब किती, मोटर कधी तापली. निवृत्त झालो तेव्हा वाटलं, सुटलो. आज पुन्हा वही काढली आहे, कारण जे हातात घेतलंय त्यात चूक झाली तर दुसरी संधी नाही.

परवा पहाटे कोल्हा खुराड्यात शिरला. अकरा लांब मानेच्या, कुलंगी जातीच्या कोंबड्या आणि तो ताडमाड कोंबडा, एकही सोडलं नाही मेल्यानं. खाल्लं एक आणि मारले बारा. हे पक्षी माझ्या थोरल्या भावाचे, सोतवल्दी अकाचे; मोठ्याला आम्ही अका म्हणतो. चाळीस वर्षं त्यानं ही जात जपली, बाहेरचा कोंबडा कधी आत येऊ दिला नाही. आता आसपासच्या गावांत हे रक्त कुणाकडे उरलेलं नाही. गेल्या पानगळीत जाताना माझा हात धरून म्हणाला, "मामादली, दुसरं काही मागत नाही, माझ्या कोंबड्या सांभाळ." पाच महिने सांभाळल्या मी. वा रे भाऊ!

दाराची कडी मी स्वतः लावली होती. माझ्या डोळ्यांनी बघून लावली होती. कोल्ह्यानं भिंतीखालून बीळ उकरलं. माझ्या बायकोनंच, इनायतनं, दाखवलं मला. मी उठून अंगणात गेलो तर ती कुदळ घेऊन उभीच होती, बीळ बुजवायला.

पण देवाची कृपा बघा, नवरोजच्या सणाला येणाऱ्या पाहुण्यांसाठी हिनं आठवडाभराची अंडी टोपलीत बाजूला ठेवली होती. तेवीस! या थंडीत गावात कुणाची कोंबडी खुडूक नाही, म्हणून जुन्या फ्रीजचा सांगाडा काढला, दोन बल्ब लावले, पंपावरचा तापमानाचा स्विच बसवला, पाण्याची वाटी ठेवली. आज दुपारी तेवीसच्या तेवीस आत गेली. एकवीस दिवस.

इनायत दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "माझ्या आईनं रेशमाच्या किड्यांचं बी छातीशी बांधून उबवलं, दर वसंतात. तिला नाही कधी फ्रीज लागला."

"ते किडे होते. ही अंडी आहेत."

"हो ना. उबेला काय कळतंय मग?"

हिच्याशी बोलण्यात अर्थ नाही. पण टोपली भरून ठेवली हिनंच, हे लिहून ठेवतो.

१ मार्च

तापमान स्थिर. दिवसातून तीनदा अंडी फिरवतो. एका बाजूला पेन्सिलीनं फुली, दुसऱ्या बाजूला गोल. हल्लीच्या पेन्सिली फार फिकट येतात, फुली आणि गोल वेगळे कळत नाहीत. बोटानं चाचपून फिरवतो.

दुपारी चहाच्या टपरीवर माझ्या जुन्या दोस्ताला, तुख्तासिनला, सलाम केला. तो तुख्तासिन नव्हता. आजकाल सगळे एकसारख्या टोप्या घालतात.

६ मार्च

सातवा दिवस. आज अंडी उजेडाला धरून बघायचा दिवस.

खोलीचे पडदे ओढले, टॉर्चवर पुठ्ठ्याची नळी बसवली. जिवंत अंड्यात लाल शिरांचं जाळं दिसतं, मध्ये एक ठिपका. कोरं अंडं नुसतं पिवळट दिसतं. अकानं मला लहानपणीच दाखवलं होतं, मेणबत्तीवर. तेव्हा केवढं लख्ख दिसायचं! ही चिनी टॉर्च म्हणजे शुद्ध फसवणूक आहे. सेल बदलले तरी उजेडाभोवती नुसतं धुक्याचं कडं.

तरी नेटानं तासभर बसलो. चौदा अंड्यांत काहीतरी गडद दिसलं. नऊ मात्र कोरी. जाळं नाही, ठिपका नाही, काही नाही. कोरं अंडं आत सडलं तर फुटून बाकीच्यांचा सत्यानाश करतं, म्हणून काढून टाकली. सांगायला लाज वाटते, पण प्रत्येक वेळी आधी अकाची माफी मागितली.

इनायत म्हणाली, "मी बघू का एकदा?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"बरं. द्या इकडे, सोय लावते त्यांची."

"कुत्र्याला घालू नकोस. अकाची आहेत."

"नाही हो घालत," म्हणाली, आणि नऊच्या नऊ ओढणीत बांधून घेऊन गेली. टॉर्चसुद्धा घेऊन गेली. म्हणाली, तळघरात बटाटे बघायचेत.

९ मार्च

हिचं काहीतरी बिनसलंय.

तीन दिवस झाले, माझा कापूस भरलेला जाड अंगरखा घरात घालून बसते. कमरेला पट्टा आवळलेला. सांदलीपाशी, खाली निखारे आणि वर रजई, तिथून हलत नाही. नमाज बसून पढते, वाकत नाही. कणीकसुद्धा शेजारची रिझवान येऊन मळून देते. ही बाई कुणाला आपल्या कणकेला हात लावू देत नसे!

मी विचारलं, "थंडी वाजते का?"

"वय झालं आता."

"तुझं वय माझ्यापेक्षा सहा वर्षांनी कमी आहे."

"मग तुमच्याकडे बघून झालं असेल," म्हणाली.

रिझवान रोज येते. मग दोघी दार लावून बसतात. काल मी चहा मागायला गेलो तर आतून ओरडल्या, "येऊ नका!" माझ्याच घरात. बहुतेक कोंबड्यांवरून माझ्यावर राग असेल. असू दे, तेवढा हक्क आहे तिचा.

रोट्या रिझवानच्या हातच्या आहेत आणि मीठ कमी आहे. पण गरम मिळतात, तक्रार नाही.

१२ मार्च

सकाळी नऊला वीज गेली ती अंधार पडेपर्यंत आली नाही.

दिवसभर जीव टांगणीला लागला होता. फ्रीजभोवती चार रजया, आत गरम पाण्याच्या बाटल्या, दर अर्ध्या तासाला बदलायच्या. चुलीवर पातेलं सतत उकळतं ठेवलं. एकदा बाटली फार गरम झाली, एकदा पार गार. तापमानाचा काटा कुठं आहे ते नीट दिसेना, म्हणून गाल लावून बघत होतो.

दुपारी इनायत हळूहळू चालत आली, पाण्यानं भरलेली परात घेऊन चालावं तशी. म्हणाली, "चार-पाच तरी माझ्याकडे द्या. अंगावर ठेवते."

मी उसळलो. "ही काय थट्टेची वेळ आहे? इथं शास्त्र चाललंय!"

 मी एवढा ओरडलो, तरी जाताना माझ्यासमोर चहाची वाटी ठेवून गेली. बत्तीस वर्षांत मी किती वेळा असा ओरडलो असेन आणि किती वाट्या चहा प्यालो असेन! तिचे उपकार मोजायला बसलो तर ही वही पुरायची नाही.

१३ मार्च

चौदावा दिवस. पुन्हा उजेडाला धरली. सगळी चौदा काळीभोर! म्हणजे भरली. म्हणजे पिल्लांनी जागा व्यापली. एकातही हालचाल दिसली नाही, पण झोपली असतील. कालच्या दिवसानं तीही दमली असतील बिचारी.

वाचली, अका. तुझी वाचली. मी अंगणात जाऊन उभ्या उभ्या रडलो आणि मग विहिरीवर तोंड धुऊन आलो.

१७ मार्च

आज लिहायला हात धजत नाही.

सकाळी इनायत सांदलीपासून उठताना अडखळली. मी धरायला गेलो, माझा हात तिच्या छातीला लागला. अंगरख्याखाली गाठ. टणक, गोल, अक्रोडापेक्षा मोठी. तिनं माझा हात झटकला आणि पांढरीफटक पडली.

"जा तुम्ही! काही नाही!"

"अगं, काही नाही कसं? मी हातानं..."

"जा म्हटलं ना!"

 आता सगळं जुळतंय. म्हणून वाकत नाही, म्हणून हळू चालते, म्हणून रिझवानशी दार लावून कुजबुज, म्हणून माझ्यापासून लपवते. मी इथं फ्रीजपुढे शास्त्र करत बसलो आणि माझी बायको आजार अंगावर काढते आहे.

अका, रागावू नकोस. तुझ्या कोंबड्या राहिल्या तर राहोत, गेल्या तर जावोत. मला ही हवी आहे. बाकी काही नको.

१८ मार्च

कोकंदला दिलोरोमला फोन लावला. मुलगी नर्स आहे, तिला कळेल. सगळं सांगितलं. गाठ आहे, गोल आहे, आई बोलत नाही, गाडी घेऊन ये.

 पोरगी हसायला लागली! हसता हसता खोकली.

"तुला लाज नाही वाटत?"

"बाबा, आईला काही झालेलं नाही. खरंच सांगते. तुम्ही तेवढे डोळे दाखवायला या. किती महिने सांगतेय?"

डोळे! आईच्या छातीत गाठ, आणि हिला माझे डोळे सुचतायत. फोन ठेवून दिला. आजकालच्या पोरांना आईबापाचं काही उरलेलं नाही.

पण "खरंच सांगते" असं म्हणाली. ती माझ्याशी खोटं बोलत नाही. थोडा श्वास परत आला.

२० मार्च

एकविसावा दिवस. अंड्यांवर एक चीर नाही. कान लावून बसलो सकाळपासून. दाराबाहेर रिझवानकडे नवरोजचं सुमलक, मोड आलेल्या गव्हाची खीर, शिजतंय, बाया गाणी म्हणतायत, त्यामुळे ऐकू येत नसेल.

२१ मार्च

सगळीकडे सण आणि मी फ्रीजपुढे.

दुपारी राहवेना. एक अंडं हळूच फोडलं. आत पिल्लू होतं, अर्धं झालेलं, पिसं येऊ लागलेली. मेलेलं. आजचं नव्हे, आठवडाभरापूर्वीचं. दुसरं फोडलं. तसंच. तिसरं फोडलं. मग बाकीची फोडायचं धैर्य झालं नाही.

वीज गेली त्या दिवशीच गेली सगळी. तेरा तारखेला मी काळीभोर बघून हरखलो ती मेलेली होती. माझा हात धरून मागितलं होतं अकानं.

चौदाही बागेत पुरली, जर्दाळूच्या झाडाखाली. संपलं.

२२ मार्च

काय लिहू? तरी लिहितो, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सकाळी मी ओट्यावर बसलो होतो. इनायतनं आतून हाक मारली. "अहो, या इकडे. दार लावून घ्या, थंडी येते."

गेलो. रिझवान तिथंच होती, तोंडावर ओढणी धरून हसत होती. इनायत म्हणाली, "डोळे मिटा."

"कशाला?"

"एवीतेवी त्यांचा उपयोग काय आहे? मिटा."

मिटले. तिनं माझं डोकं धरून कानाला काहीतरी लावलं. गुळगुळीत, गरम, अंगाच्या उबेचं.

आत कुणीतरी बोललं. पीप. थांबलं. पुन्हा, पीप पीप, आणि मग ठक्, कवचावर आतून चोच.

मी डोळे उघडले. तिनं अंगरख्याचा पट्टा सोडला. आत मलमलची पिशवी, गळ्यातून बांधलेली, कप्पे कप्पे शिवलेले, तिची आई रेशमाचं बी बांधायची तशी. आणि पिशवीत अंडी. मी कोरी म्हणून काढलेली. दोन अंड्यांना भेगा पडल्या होत्या आणि एकातून चोचीचं टोक बाहेर आलं होतं.

"ही... ही तर कोरी होती."

"नऊपैकी दोन कोरी होती. सात जिवंत होती. तळघरात टॉर्च लावली तेव्हा शिरा अशा दिसत होत्या, मोजून घ्या म्हणत होत्या."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही 'दे इकडे' म्हणून परत टॉर्चपुढे धरली असतीत, आणि परत फेकली असतीत."

रिझवान म्हणाली, "मामादली अका, तिला अंघोळ करायची, पाठ टेकायची असली की मी बांधून बसायचे. सोळा दिवस! माझा नवरा विचारतो, तू एवढी जाड कधी झालीस? आणि त्या दिवशी तुम्ही हात लावलात ना, तेव्हा आम्हाला वाटलं, गेलं आता, फुटलं!" आणि दोघी हसत सुटल्या.

मला हसू येईना. मी विचारलं, "इनायत, मला दिसत नाही का गं?"

तिचं हसू थांबलं. म्हणाली, "कमी दिसतं. हिवाळ्यापासून. दिलोरोमला माहीत आहे, मला माहीत आहे, तुख्तासिनला माहीत आहे. तुम्हीच तेवढे राहिला होतात."

मग मला जे विचारायचं होतं ते विचारलं. "कडी?"

ती पिशवीचा बंद चाचपायला लागली. रिझवानच्या तोंडाला मात्र कुलूप कुठलं! "कडी लोंबकळत होती, अका. अडकलीच नव्हती. मी माळवदावर होते, सगळं बघितलं. ही उठून आली, दार उघडं बघितलं, आणि कुदळ घेऊन भिंतीखाली बीळ पाडायला लागली. मी वरून विचारलं, काय करतेस? म्हणते, तू आत जा!"

इनायत म्हणाली, "कोल्ह्यालाही एखादं बीळ पाडायला यायला हवं."

मी तिथंच खाली बसलो आणि रडलो, बायकांसमोर, सदुसष्टाव्या वर्षी. महिनाभर छाती पुढे काढून सांगत होतो, कडी मी लावली. आणि ही ऐकून घेत होती. मला लाजेनं मरू द्यायचं नव्हतं तिला, म्हणून ओल्या थंडीत कुदळ मारली तिनं. मी म्हणालो, "माझी चूक होती. माझ्यामुळे गेल्या." ती म्हणाली, "हो. आता उठा, परात गरम करून आणा, हे एक बाहेर येतंय."

संध्याकाळपर्यंत चार आली. ओली, कुरूप, लांबुडक्या मानेची. मान बघूनच कळलं, ही अकाचीच.

२४ मार्च

सहा झाली. सातवं आतच दमलं. इनायत त्याला तासभर तळहातावर धरून बसली होती, मग स्वतः पुरून आली. तिनं आज पहिल्यांदा अंगरखा काढला. खांद्यावर पिशवीच्या बंदाचे लाल वळ आहेत. मी तेल गरम करून लावलं. ती म्हणाली, "पुरे, पुरे, तुम्हाला दिसत नाही कुठं लावताय ते." मानेला लागलं होतं बहुतेक. तरी लावू दिलं.

दिलोरोमला फोन केला. म्हणालो, डॉक्टरची वेळ घे. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

१७ मे

मी इनायत. कोकंदच्या दवाखान्यातून लिहिते आहे.

ह्यांच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन काल झालं. पहिला डोळा बरा आहे, पण त्याच्यावर ताण नको म्हणून डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली आहे. उद्या काढतील. तोवर हे पलंगावर बसून मला सांगतायत आणि मी लिहायचं आहे. वहीत खंड पडलेला चालत नाही म्हणे. पंपावर कधी पडला नाही.

ते सांगतात ते लिहिते: "पिल्लं आठ आठवड्यांची. सहाही धडधाकट. आज गावाहून रिझवानचा फोन. दोघं आरवायचा प्रयत्न करतायत, आवाज फाटका आहे, पण करतायत. बाकी चौघी कोंबड्याच. म्हणजे दोन नर, चार माद्या. म्हणजे सोतवल्दी अकाची जात राहिली."

इथं ते थांबले. पाणी मागितलं. मग म्हणाले, "आता पुढचं लिही." आणि माझ्याबद्दल बरंच काही सांगत सुटले.    शेजारच्या पलंगावरची म्हातारी कान टवकारून ऐकत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"लिहिलंस?"

"लिहिलं."

"वाचून दाखव."

मी वही धरली आणि सगळं वाचून दाखवलं, शब्दन् शब्द, ते जसं बोलले तसं. त्यांनी मान हलवली, समाधानानं. म्हातारी डोळे पुसत होती.

कागदावर त्यातला एक शब्दही नाही. माझ्या हातानं माझी स्तुती लिहायची म्हणजे काय! उद्या पट्टी निघाली की सगळ्यात आधी ही वही मागतील, आणि मी पकडली जाईन.